घरच्या सर्व्हरवरचे पाच आक्षेप

घरात स्वतःचा सर्व्हर, म्हणजे फोटो-फायली साठवून इतर यंत्रांना पुरवणारा सतत चालू संगणक, चालवणाऱ्यांना शहाणपण शिकवणारा एक संदेश कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये वरचेवर फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, अशा यंत्राचे वीजबिल क्लाउडच्या, म्हणजे कंपनीकडच्या इंटरनेटवरील साठवणजागेच्या, भाड्याहून जास्त येते, ओपन सोर्सचा, म्हणजे कोणालाही वाचता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कोड चोरालाही दिसत असल्यामुळे ते असुरक्षित असते, फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नसतो, इथल्या इंटरनेटवरून घरच्या यंत्रापर्यंत बाहेरून पोहोचताच येत नाही, आणि पंचगंगेला पूर आला की सगळे वाहून जाते. यातले काही मुद्दे निराधार नाहीत; परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे सामान्य माणसाने या वाटेला जाऊच नये, हा मला मान्य नाही.

विजेचा मुद्दा आकडेमोडीनेच निकालात निघतो. सतत 10 वॅट घेणारे यंत्र 30 दिवसांत 7.2 युनिट वीज खाते. युनिटला 10 रुपये धरले तरी 72 रुपये होतात. ग्राफिक्स कार्ड असलेला जुना टॉवर नुसता चालू राहून 60 वॅट ओढत असेल, तर तोच हिशेब 432 रुपयांवर जातो, आणि तेवढ्यापुरता संदेशकर्ता बरोबर आहे. माझे काम झाकण मिटून ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर भागते. त्याच्या बॅटरीमुळे वीज गेल्यावर यंत्र एकदम बंद पडत नाही. मात्र कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगू शकते, म्हणून ती 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास वापरावी. तरीही केवळ पैसे वाचवण्यासाठी कोणी हा छंद धरू नये. शंभर जीबी फोटोंपुरता विचार केला, तर डिस्कची आणि यंत्राची किंमत धरून भाड्याची जागाच स्वस्त पडते.

कोड चोरालाही दिसतो, हा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. मे 2017 मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीचा फायदा घेतला होता. विंडोजचा कोड सर्वांसाठी खुला नव्हता, तरी त्रुटी सापडली. तिच्यावरची दुरुस्ती मार्च 2017 मध्येच आली होती, आणि ती ज्यांनी बसवली नव्हती त्यांची यंत्रे अडकली. म्हणजे कोड झाकून ठेवल्याने संरक्षण मिळते, हे गृहीतकच कच्चे आहे. पण उघडा कोड आपोआप सुरक्षित असतो, हा उलट टोकाचा दावाही तितकाच कच्चा आहे, कारण 2014 मध्ये उघडकीस आलेली हार्टब्लीड ही त्रुटी ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्वांना वाचता येणाऱ्या कोडमध्ये सुमारे दोन वर्षे कोणाच्याही लक्षात न येता पडून होती.

या वादात मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण एक्सझेड युटिल्स या फायली आकुंचित करणाऱ्या ओपन सोर्स साधनाचे आहे. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षे नेमाने मदत करून त्या प्रकल्पाच्या थकलेल्या, जवळजवळ एकट्याच सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातला. त्याला चालना देणारा तुकडा गिटमधल्या, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या सार्वजनिक साठ्यातल्या, कोडमध्ये नव्हता. तो वितरणासाठी बांधलेल्या संग्रहात होता, म्हणजे सहसा कोणी पाहत नाही अशा जागी. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या यंत्रात शिरण्याच्या सुरक्षित पद्धतीने) लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले आणि त्या धाग्यावरून त्याने सगळे प्रकरण उलगडले. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या स्थिर (तपासून पक्क्या केलेल्या) आवृत्तीपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. कोड उघडा असल्यामुळे एका परक्या माणसाला इतक्या खोलवर जाता आले, हे खरे; आणि उघडा असूनही त्याच्याआधी कोणी पाहिले नाही, हेही खरे. घरी सर्व्हर ठेवणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच की स्थिर आवृत्ती वापरावी, सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था लावावी आणि राउटरवरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या वाटा, विनाकारण उघडू नयेत.

वाली नसतो, या आक्षेपाचे उत्तरही इथूनच मिळते. एकट्या माणसाच्या खांद्यावरचे प्रकल्प ही खरोखरच दुबळी बाजू आहे. पण सांभाळणारे बदलले किंवा मालकाने धोरण फिरवले, तर परवान्यामुळे दुसऱ्यांना तोच कोड घेऊन पुढे जाता येते. 2010 मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून लिबरऑफिस, 2016 मध्ये ओनक्लाउड या फायली साठवण्याच्या सॉफ्टवेअरमधून नेक्स्टक्लाउड आणि 2018 मध्ये एम्बी या चित्रपट-गाणी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जेलीफिन असेच निघाले. याउलट 1 जून 2021 पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली, तेव्हा वापरणाऱ्यांपुढे पैसे भरणे, जागा मोकळी करणे किंवा फोटो हलवणे याखेरीज पर्याय नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कारागीर जुन्या लेथचा भाग मिळेनासा झाला की तो स्वतः घडवतो, पण त्यासाठी यंत्र उघडता यावे लागते. इथेही तसेच आहे.

बाहेरून पोहोचता येत नाही, हे अनेक घरगुती जोडण्यांबाबत अक्षरशः खरे आहे. सेवा देणारी कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात 100.64 ते 100.127 यांपैकी असेल तर तुम्हीही त्याच ग्राहकांपैकी आहात, असे समजावे. मात्र वायरगार्ड हे दोन यंत्रांमध्ये खासगी, कुलूपबंद जोडणी करणारे साधन मार्च 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि त्यावर उभी असलेली टेलस्केलसारखी साधने दोन्ही टोके अशा पडद्याआड असतानाही जोडणी करून देतात. शिवाय या मार्गात जगासाठी एकही पोर्ट उघडावे लागत नाही, म्हणून सार्वजनिक पत्ता विकत मिळत असला तरी घरगुती वापरासाठी मी हाच मार्ग सुचवेन.

उरला पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि 2019 व 2021 च्या पुराचा अनुभव घेतलेल्या माणसाला या आक्षेपावर हसता येणार नाही. परंतु पुरात यंत्र जाणे आणि फोटो जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम इथे शब्दशः पाळावा लागतो, आणि घराबाहेर म्हणजे पाण्याबाहेर. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या घराची प्रत सुतारवाड्यातल्या मित्राकडे ठेवून काहीच साधत नाही, कारण पुराचे पाणी दोन्हीकडे शिरते. डोंगरावरच्या पन्हाळ्यावर कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडची एक छोटी डिस्क पुरते. प्रती काढण्याचे रेस्टिक, किंवा कुलूपबंदीचा पर्याय निवडून बोर्ग, वापरल्यास प्रत कुलूपबंद होऊन जाते, त्यामुळे ती ज्यांच्या घरी आहे त्यांनाही आतले काही दिसत नाही. मात्र त्या कुलपाचा पासवर्ड पुराच्या पाण्यात जाणाऱ्या त्याच यंत्रावर तेवढा असू नये, तो घरातल्या आणखी एका माणसाकडे कागदावर लिहिलेला असावा, आणि प्रतीतून काही फायली अधूनमधून परत काढून पाहाव्यात. ज्यांचे सगळे फोटो एकाच क्लाउड खात्यात आहेत आणि ते खाते कधी बंद झाले तर दुसरीकडे काहीच नाही, त्यांचीही प्रत एकच आहे. त्यांच्याबद्दल त्या संदेशात एक ओळही नाही.