३:१ म्हणजे चारांतले तीन नव्हेत

आनुवंशिकतेवरचा तुमचा लेख आवडला, पण 'आईवडील दोघेही वाहक असतील तर चार मुलांपैकी एकाला आजार होतो' हे वाक्य कृपया बदला. विद्यार्थी नेमके इथेच अडकतात. वाहक म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, पण स्वतः निरोगी; अशा आईवडिलांच्या प्रत्येक मुलाच्या वेळी आजाराची शक्यता नव्याने २५ टक्के असते. आधीच्या भावंडांचा हिशोब जनुकं ठेवत नाहीत. चार मुलांत नेमकं एकच आजारी असण्याची शक्यता साधारण ४२ टक्के, आणि एकही आजारी नसण्याची जवळपास ३२ टक्के! पनेट चौकोनातली (आईवडिलांच्या जनुकांच्या संभाव्य जोड्या मांडायच्या तक्त्यातली) चार घरं म्हणजे चार मुलं नव्हेत. वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेललाही गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचं ३:१ प्रमाण दिसलं ते दाणे हजारांनी मोजले तेव्हा: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले.

दुसरं, 'प्रभावी' जनुक (एकच प्रत असली तरी ज्याचा गुण दिसतो ते) म्हणजे ताकदवान किंवा जास्त आढळणारं, असा समज होऊ देऊ नका. हाताला सहावं बोट बऱ्याचदा प्रभावी जनुकामुळे येतं, तरी बहुतेकांना पाचच बोटं असतात. वाटाण्यात तर गोलपणा प्रभावी असण्याचं कारण फार सुंदर आहे. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) निकामी असतं, त्यामुळे साखर साठते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. जनुकाची एक प्रत चांगली असली की दाणा गोल राहण्याइतकं विकर तयार होतं. अप्रभावी जनुकाला कोणी 'दाबत' नाही, त्याची उणीव दिसत नाही इतकंच. हे कळलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

सहलग्नतेवरही (एकाच गुणसूत्रावर जवळ असलेली जनुकं बहुधा एकत्रच पुढे जातात त्यावर) लिहा ना, वेगवेगळ्या गुणांची जनुकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात हा मेंडेलचा नियम तिथेच मोडतो.