प्लॉट बघण्याआधी सातबारा बघा

महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कामगारानेही कोकणात छोटा प्लॉट घेऊन गुंतवणुकीला सुरुवात करावी, असं गुंतवणुकीवरच्या एका लेखात वाचलं. मी लोटे-परशुराम एमआयडीसीत अठरा वर्षं वेल्डर आहे. सुरुवात मीही केली, म्हणून लिहितो.

पैशापेक्षा मोठी अडचण सातबाऱ्याची. आमच्याकडे चार गुंठ्यांवर पंधरा-वीस नावं असतात. निम्मी माणसं मुंबईत, काही वारलेली आणि वारसनोंद झालेलीच नाही. एका दलालाने मला गुहागर रस्त्यालगतचा तुकडा दाखवला, बयाण्याचे चाळीस हजार घेतले. फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढले तेव्हा कळलं, विकणाऱ्याच्या दोन बहिणींचाही हिस्सा आहे आणि त्यांना कुणी विचारलेलंच नाही. पैसे परत मिळायला दीड वर्ष गेलं. ते बायकोच्या भिशीचे होते.

शिवाय जमीन शेतीची असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे परवानगीशिवाय ती घेता येत नाही. आपण शेतकरी ठरतो का हे कळायला, गावच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लागलंय का, ते आधी तलाठ्याकडे बघून घ्या.

पुढे चिपळुणात दोन जुन्या खोल्या घेतल्या. 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी तिथे कुठवर चढलं होतं, ते शेजाऱ्यांना विचारून मगच. पत्रे, ग्रील, दरवाजे सगळं रविवारी स्वतः केलं, मजुरी वाचली. आता कंपनीतली पोरं भाड्याने राहतात. हातात कसब असलेल्याला मोडकी जागा परवडते, हे त्या लेखात यायलाच हवं होतं.