दोन मिनिटं, आणि जास्त डीप नको

मला फारसी येते अशी आमच्या सोसायटीत अफवा आहे, आणि ती पूर्ण खोटी नाही हाच तर सगळा प्रॉब्लेम आहे. मी फारसी शिकलो ती आदिलशाही आणि मोगली कागद वाचायला. म्हणजे कुणाला किती चावर जमीन इनाम दिली, कुठल्या मौजेचा वसूल कुणी बुडवला, अमुक देशमुखाने तमुक देशमुखाच्या वाटेला जाऊ नये नाहीतर याद राखा, एवढंच. त्यात हे कागद बऱ्याचदा शिकस्ता लिपीत असतात, तिच्यात अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, द्यायचे कष्ट कारकून सहसा घेत नसे, ते काम तो तीनशे वर्षांनी येणाऱ्या माझ्यासारख्यावर सोडून घरी गेलेला असतो. तर मला फारसीतून कुणी थकबाकी मागितली, ताकीद दिली, गावच्या पाटलाची तक्रार केली तर मी लगेच ओळखीन. प्रेमाबिमाचा उल्लेख माझ्या एकाही कागदात अजूनपर्यंत आलेला नाही.

हे सगळं कोजागिरीच्या मीटिंगमध्ये कुणी ऐकून घेईल तर शपथ. दरवर्षी अभंग नाहीतर जुनी हिंदी गाणी असतात, यंदा तरुण मंडळींना काहीतरी हटके पाहिजे होतं म्हणून सूफी संध्या ठरली, मग गाणारा ग्रुप ठरला, डेकोरेशन ठरलं, मसाला दूध किती लिटर ते ठरलं आणि शेवटी कुणीतरी म्हणालं निवेदन कोण करणार, तशा सगळ्या माना माझ्याकडे. "तुम्हाला तर ती भाषा येते ना!" मी म्हटलं अहो ती वेगळी. "पण भाषा तीच ना?" आता भाषा तीच, काय बोलणार. सेक्रेटरी काका म्हणाले, "प्रत्येक गाण्याआधी दोन मिनिटं. सूफी म्हणजे काय, त्यांना काय म्हणायचंय, एवढंच सांगा. आणि जास्त डीप नको, लहान मुलं असतात."

मग बसलो वाचायला. तेराव्या शतकातला फारसी सूफी कवी रूमी, त्याच्यापासून सुरुवात केली कारण व्हॉट्सॲपमुळे तो आता घरचाच झालाय, आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर मामा त्याला पाठवतात. त्यातलं बरंचसं रूमीने म्हटलेलं नसतं, आणि जे म्हटलेलं असतं ते अमेरिकेला वळसा घालून आलेलं असतं. तिकडे ज्यांनी रूमी घरोघरी पोचवला त्या कोलमन बार्क्स यांनी हे काम फारसी न येता केलं, दुसऱ्यांच्या इंग्रजी भाषांतरांवरून आपली कविता बांधली, आणि हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितलंय. हे वाचून मला फार धीर आला. मग रूमीचं मोठं काव्य, मसनवी, मूळ फारसीत उघडलं आणि आलेला धीर गेला.

मसनवी सुरू होते बासरीच्या गाऱ्हाण्याने, वेळूच्या बेटातून मला तोडून आणलं तेव्हापासून मी रडतेय, ऐका. अशा अठरा द्विपदी होतात आणि अठराव्यात रूमी म्हणतो, पिकलेल्याची अवस्था कच्च्याला कळायची नाही, तेव्हा बोलणं आवरतं घ्यावं, वस्सलाम. मी म्हटलं वा, हा आपला माणूस, दोन मिनिटांत बसणारा. पुढे बघतो तर सहा खंड! पंचवीस हजारांच्या आसपास द्विपदी! आमच्याकडे पाहुणे "निघतो आता" म्हणून चपला घालतात आणि मग जिन्यात तासभर उभ्याने बोलतात ना, त्यातलाच प्रकार.

गोष्ट अशी सांगतात की हुसामुद्दीन चेलेबी या शिष्याने विनंती केली, काहीतरी लिहा, तर रूमीने पागोट्यातून एक कागद काढून दिला, त्यावर या अठरा द्विपदी होत्या, आणि म्हणाला पुढचं मी सांगतो, तू लिहून घे. म्हणजे "बोलणं आवरतं घ्या" एवढं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि न आवरलेलं सगळं दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. कधी कधी रात्रभर सांगणं चालायचं म्हणे. माझी पूर्ण सहानुभूती हुसामुद्दीनकडे आहे. पहिल्या खंडानंतर त्याची बायको वारली तेव्हा काही काळ काम थांबलं, मग पुन्हा सुरू, आणि 1273 साली तुर्कस्तानातल्या कोन्यात रूमी गेला तेव्हा सहाव्या खंडातली तीन राजपुत्रांची गोष्ट अर्धीच होती. हे झालं मसनवीचं. गझला वेगळ्या, त्या तीन हजारांच्या वर, आणि त्यांतल्या कितीतरी गझलांच्या शेवटी कवीने स्वतःला हाक मारलीय ती काय, तर खामोश.

बरं रूमी एकटाच असा म्हणावं तर सगळेच तसे. दहाव्या शतकात इराकमध्ये निफ्फरी म्हणून होऊन गेला, तो म्हणतो दृष्टी जितकी रुंद होत जाते तितकी वाणी अरुंद होत जाते. छान. पण हे ज्या पुस्तकात म्हटलंय ते बऱ्यापैकी जाड आहे. फारसी कवी सादीने 1258 मध्ये गुलिस्तान लिहिलं, त्याच्या सुरुवातीलाच एक साधू ध्यानातून बाहेर येतो, मित्र चेष्टेत विचारतात त्या बागेतून आमच्यासाठी काय आणलंस, तो म्हणतो मनात होतं की गुलाबाच्या झाडापाशी पोचलो की ओचा भरून तुमच्यासाठी फुलं आणीन, पण पोचलो आणि वासाने असा धुंद झालो की ओचाच हातातून सुटला. आता हे वाचून मी खरोखर दोन मिनिटं गप्प बसलो होतो, बायकोने येऊन विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, ओचा सुटला. ती म्हणाली गॅस बंद कर, दूध उतू जातंय.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे म्हणा. रूमी गेल्यावर दोनच वर्षांनी, 1275 ला, ज्ञानेश्वर जन्मले असं धरतात, त्यांनी अमृतानुभवात शब्दाचं खंडन करायला एक अख्खं प्रकरण घातलं. आणि तो अभंग, परेहि परतें बोलणें खुंटलें, वैखरी कैसेनि सांगे. जिथे परा, म्हणजे सगळ्यात आतल्या वाणीचंच बोलणं खुंटलं तिथे वैखरीने, म्हणजे तोंडच्या शब्दांनी, काय सांगावं, असं म्हणतात आणि तेही चालीवर म्हणता येईल असं! मला यात ढोंग वगैरे वाटत नाही हं. मला वाटतं ज्याला खरंच काही सांगायचं नसतं तो गप बसतो आणि त्याचं नावही आपल्याला कळत नाही. या लोकांना सांगता येत नव्हतं आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं, दोन्ही एकदम, आणि त्यातून मग एवढाले ग्रंथ. माझं दुखणं त्याच्या नेमकं उलट होतं. मला सांगायचं काहीच नव्हतं, सांगायची सक्ती होती.

तरी लिहिलं. पोस्टकार्डाएवढे कार्डपेपर आणले, प्रत्येक गाण्याला एक कार्ड, आणि कमिटीला दाखवायला गेलो. सूफी कवितेतली मदिरा ही खरी मदिरा नसते हे वाक्य पहिल्यांदा गेलं, कारण टेरेसवर सापडलेल्या बाटल्यांवरून आधीच दोन विंगमध्ये बोलणं बंद आहे. मग सूफी हल्लाज. अनल हक, म्हणजे मीच सत्य, असं म्हणाला, 922 मध्ये बगदादला हालहाल करून मारलं. "कोजागिरीला मर्डर कशाला?" गेला हल्लाज. मग मी म्हटलं मसनवीतली मूसा पैगंबर आणि धनगराची गोष्ट तरी राहू द्या, मुलांनाही आवडेल. धनगर देवाला म्हणतो, अरे तू आहेस कुठे, मी तुझी पायताणं शिवून देईन, तुझे केस विंचरीन, तुझ्या उवा मारीन, तुला दूध आणून देईन, त्यावर मूसा त्याला झापतो की देवाशी असं बोलतात का, आणि देव उलट मूसालाच सुनावतो की मी जीभ बघत नाही, आत काय आहे ते बघतो, माझा माणूस तोडलास तू. मी हे सांगताना माझाच आवाज जरा भरून आला. कल्चरल कमिटीच्या मॅडम म्हणाल्या, "सुंदर आहे हो. फक्त उवा काढा." मी म्हटलं उवा काढल्या तर गोष्टीत राहिलं काय? "नाही पण लोक दूध पीत असतील ना."

खुलताबादचं राहील असं वाटलं होतं, आपल्या मातीतलं म्हणून. अमीर खुसरोचा जिवलग दोस्त कवी अमीर हसन सिज्झी, ज्याने 1308 ते 1322 पर्यंत निजामुद्दीन औलियांचं बोलणं टिपून ठेवलं, तो तुघलकाच्या दौलताबाद प्रकरणात इकडे आला आणि खुलताबादेत त्याची कबर आहे. मी एवढं म्हणतोय तोवर कुणीतरी म्हणालं खुलताबाद म्हणजे ते औरंगजेबाचं ना, आणि सेक्रेटरी काकांनी दोन्ही हात वर करून "नको नको नको" म्हणत कार्ड स्वतःच्या खिशात टाकलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद मात्र बिनविरोध पास झाले. शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद, हे तिथल्या दोघीतिघींना पाठच होतं. सूफींच्या कादरी परंपरेतला माणूस, सगळं मराठीत सांगून मोकळा झालेला, त्यांच्यापुढे मला वेगळं काही समजावून सांगावंच लागलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात चंद्र वेळेवर आला, गायक पाऊण तास उशिरा. आल्या आल्या म्हणाले गळा तापलेला नाही, क्रम बदलतो. कसा बदलणार ते काही सांगेनात, "तुम्ही बोला हो, आम्ही घेतो बरोबर." मी विरहाचं कार्ड वाचलं, बासरीचं रडणं, पंचवीस हजार द्विपदी वगैरे, आवाज अगदी खाली नेऊन, आणि त्यांनी ऑक्टोपॅडवर दणदणीत कलंदर सुरू केला, पोरं खुर्च्यांवरून उड्या मारून नाचायला. पुढचं कार्ड नाचाचं होतं, गिरकी घेताना एक तळवा आकाशाकडे आणि एक जमिनीकडे का असतो ते, त्यावर त्यांनी अशी काही संथ रचना घेतली की पुढच्या रांगेतले एक काका झोपले. तिसरं कार्ड होतं फनाचं, म्हणजे मीपण विरून जाण्याचं. मरण्याआधी मरून घ्या असं एक वचन सूफी लोक नेहमी सांगतात, ते मी जरा रंगवून, थांबून थांबून सांगितलं, "मरण्याआधी... मरून घ्या", आणि सेक्रेटरी काकांनी माईक हातातून काढून घेत म्हटलं, "यानंतर आपण ऐंशी वर्षं पूर्ण केलेल्या ज्येष्ठ सभासदांचा सत्कार करणार आहोत."

सत्कार झाला, शाली झाल्या, नारळ झाले आणि कीबोर्डचा अडॅप्टर गेला. आता बघा, इतके दिवस दोन मिनिटं दोन मिनिटं म्हणून माझ्या मानेवर बसलेली तीच माणसं स्टेजखालून हातवारे करायला लागली, बोला, बोलत राहा, दहा मिनिटं खेचा. कार्डं संपलेली. म्हणून मी मसनवीच्या पहिल्या खंडातली बहिऱ्याची गोष्ट सांगितली, कारण उवा नसलेली तेवढीच मला पाठ होती.

एका बहिऱ्याला कळतं की शेजारी आजारी आहे. भेटायला तर गेलं पाहिजे, पण त्याचं बोलणं ऐकू कसं येणार, त्यात आजाऱ्याचा आवाज बारीक. मग तो घरूनच सगळं बसवून जातो. मी विचारीन कसं काय, तो म्हणेल बराय, मी म्हणेन देवाची कृपा. मी विचारीन काय खाल्लंत, तो म्हणेल सरबत नाहीतर सूप, मी म्हणेन मानवो तुम्हाला. मी विचारीन कुठले वैद्य येतात, तो नाव सांगेल, मी म्हणेन फार चांगल्या पायगुणाचा माणूस, तो आला की काम झालंच समजा. तर हा जातो आणि विचारतो, कसं काय? शेजारी म्हणतो, मेलो रे. हा म्हणतो, देवाची कृपा! काय खाल्लंत? तो चिडून म्हणतो, विष. मानवो तुम्हाला! वैद्य कोण येतात? अरे यमदूत येतो, चालता हो इथून! अरे वा, फार चांगल्या पायगुणाचा. आणि हा बहिरा शेजारधर्म पाळल्याच्या आनंदात घरी.

लोक हसले. संध्याकाळभरात पहिल्यांदा हसले. मी पण हसत होतो तोवर गायकाकडे, मग हातातल्या कार्डांकडे लक्ष गेलं आणि म्हटलं पुढे जाऊ या. तेवढ्यात अडॅप्टर मिळाला, गाणी झाली, दूध झालं, आणि ग्लास गोळा करत असताना बी विंगच्या आजी, मघाशी सत्कार झालेल्या, शाल तशीच खांद्यावर, माझ्यापाशी आल्या.

"काय रे, मग तो आजारी माणूस वाचला का?"

मी म्हटलं आजी, ते काही रूमीने सांगितलेलं नाही. तो तिथून एकदम इब्लिसवर, म्हणजे सैतानावर जातो, की असा मनानेच अंदाज बांधणारा पहिला तो, मी आगीचा आणि आदम मातीचा म्हणून मी वरचढ असं त्याने धरून चाललं...

"ते असू दे रे. वाचला का तो?"

"लिहिलेलं नाही आजी."

"पंचवीस हजार म्हणालास ना मघाशी?"

"हो, साधारण."

"आणि त्यात एवढी एक ओळ बसली नाही होय त्याला?"