तुरा त्याचा, पिसारा कुणाचा?

आमच्या वाड्याच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच संदेश तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: टेस्टोस्टेरॉन पुरुषांचा हार्मोन, बायकांत तो नसतोच. इस्ट्रोजेन बायकांचं, ते पुरुषात शिरलं की पुरुषपण संपलं. कोंबड्याचा तुरा, मोराचा पिसारा, सगळा थाट टेस्टोस्टेरॉनचा. आणि नर जन्मला तो मरेपर्यंत नर, मादी ती मादी, हा निसर्गनियम. खाली तीन वेळा जोडलेले हात.

फोंड्यात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. तरी शेजारधर्म म्हणून गप्प बसणार होतो. पण त्या तिघांतले एक, ज्यांना आम्ही बाब म्हणतो, दर रविवारी माझ्याबरोबर बाजारात चोणक मासा घ्यायला येतात, तेव्हा शेवटच्या मुद्द्यालाच आधी हात घालतो.

चोणक पहिली काही वर्षं नर असतो. मग त्याचं वृषण विरत जातं, त्या जागी अंडाशय तयार होतं. रक्तातले नराचे हार्मोन उतरतात, इस्ट्रोजेन चढतं आणि पुढचं आयुष्य तो अंडी घालतो. बाब ज्याच्यासाठी घासाघीस करतात तो दहा किलोचा चोणक बहुतेक वेळा मादीच असतो. गोबरा माशाचं नेमकं उलट, तो आधी मादी आणि मग नर. पैदास केंद्रात नर कमी पडले तर टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं औषध देऊन माद्यांचेच नर करून घेतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग या गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या कासवांचं लिंग तर गुणसूत्रं ठरवतच नाहीत. घरट्यातली वाळू जास्त तापली तर माद्या, जरा गार राहिली तर नर. निसर्गनियम म्हणायचा तर कोणाचा?

आता तुरा. इथं संदेश अर्धा बरोबर आहे. १८४९ साली जर्मनीत ग्योटिंगेनला बेर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं कोंबड्यांची वृषणं काढली. त्यांचे तुरे सुकले, बांग गेली, भांडणं थांबली. काहींच्या पोटात त्यानं एक वृषण परत बसवलं, मूळचे मज्जातंतू न जोडता, आणि तुरा, बांग, भांडण सगळं परत आलं. रक्तातून जाणारं काहीतरी हे काम करतं, हे तिथून कळलं.

पण पिसांचं गणित वेगळं आहे. खच्ची केलेल्या कोंबड्याची शेपटी कोंबडीसारखी होत नाही, कोंबड्याचीच राहते. उलट लांडोरीचं अंडाशय निकामी झालं तर तिला मोराची पिसं फुटतात. कोंबडी-मोरांच्या या कुळात भपका मूळचाच असतो आणि त्याला आवर घालतं ते मादीचं इस्ट्रोजेन. (सगळ्याच पक्ष्यांत असं नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच संदेश फिरायचा.) सेब्राइट जातीच्या कोंबड्याची गंमत पाहा. त्याची कातडीच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, म्हणून त्याची पिसं कोंबडीसारखी. त्याला खच्ची केलं तर तो कोंबड्यासारखा दिसू लागतो!

परसातली म्हातारी कोंबडी बांग देऊ लागली की आमची आजी अपशकुन म्हणायची आणि त्या दिवशी त्या कोंबडीची शागोती (मसालेदार रस्सा) व्हायची. कोंबडीचं एकच अंडाशय काम करतं, डावं. ते बिघडलं की इस्ट्रोजेन आटतं आणि पुढच्या वेळी पिसं झडून येतात ती कोंबड्याची. कधी कधी उजवीकडचा निजलेला अवशेष जागा होऊन नराचे हार्मोन सोडतो, मग बांगही येते. बिचारीचा दोष एवढाच.

माणसांत भिंत आणखी पातळ. इस्ट्रोजेन शरीरात तयार होतं ते टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या भाऊबंदांपासूनच, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन नसलेली बाई ही कल्पनाच चुकीची आहे. पुरुषात ते दहा ते वीस पट असतं, आवाज, दाढी, स्नायू यांतला बराच फरक त्यातून येतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण साठीतल्या नवऱ्याच्या रक्तात इस्ट्रोजेन सहसा त्याच्या पाळी थांबलेल्या बायकोपेक्षा जास्त असतं. आणि १९३४ साली झोंडेक या शास्त्रज्ञांना इस्ट्रोजेनचा भरपूर साठा सापडला तो घोड्याच्या मुतात. घोडीच्या नव्हे, घोड्याच्या.

पुरुषाला त्याची गरजही असते. १९९४ साली अमेरिकेत अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाची नोंद झाली. टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, पण इस्ट्रोजेनचा संदेश त्याच्या पेशींना घेताच येत नव्हता. उंची २०४ सेंटीमीटर, तरी वाढ चालूच, आणि हाडं ठिसूळ. हाडांची टोकं मिटवून वाढ थांबवण्याचं काम पुरुषातही इस्ट्रोजेनच करतं. लहानपणीच खच्ची केलेल्या बैलाचे पाय वळूपेक्षा लांब दिसतात ते यामुळेच.

उलट बाजूही आहे. काही मुलांत एक्स-वाय गुणसूत्रं असतात, टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं, पण पेशींना ते ओळखता येत नाही. ती मुलीचं शरीर घेऊन जन्मतात, मुली म्हणून वाढतात. अनेकदा वयात येऊन पाळी न आल्यावरच हे कळतं. त्यांच्यापैकी कोणी आपल्याच वाड्यावर असेल, तर ते तीन जोडलेले हात वाचून तिला काय वाटलं असेल?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोघांनी अंगठा दाखवला. बाबांचं उत्तर रात्री आलं: “सर, मग रविवारी चोणक आणायचा की आणायची?”