सीसीटीव्हीचं बजेट मेगापिक्सेलवर उडवू नका

घरासाठी कॅमेरे घेताना सगळे विचारतात, "किती मेगापिक्सेल?" वायर कोणती टाकणार, हे कुणी विचारत नाही. पुढची निम्मी दुखणी मात्र तिथूनच सुरू होतात.

रो-हाऊस किंवा लहान बंगल्याला २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, ४ चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा डबा) आणि १ टीबीची हार्ड डिस्क पुरते. वेगळा मॉनिटर नको, एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. वाचलेला पैसा थ्री प्लस वन वायरीत (चित्राची एक आणि वीज-आवाजाच्या तीन तारा एकत्र) घाला. स्वस्त वायरीत बरेचदा तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत अ‍ॅल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडून बघा. पांढरी निघाली तर बंडल परत करा.

एवढा आग्रह कशासाठी? दिवसा कॅमेरा झकास चालतो. अंधार पडला की आयआर एलईडी (कॅमेऱ्यातले रात्री बघायचे इन्फ्रारेड दिवे) पेटतात, करंट वाढतो आणि लांबच्या हलक्या वायरीत व्होल्टेज पडतं. कॅमेरा बंद होतो. बंद झाला की भार उतरतो, व्होल्टेज सावरतं, कॅमेरा परत सुरू. रात्रभर हेच. लोक कॅमेरा बदलतात आणि दोष वायरीत तसाच राहतो. तपासायचं तर दिवसाच कॅमेऱ्यावर जाड काळं फडकं टाका, आयआर लागू द्या आणि कॅमेऱ्याकडच्या टोकाला मल्टिमीटर लावा. कॅमेरा जोडलेला असतानाच मोजा, मोकळ्या पिनेवर १२ दिसणारच. ११ च्या खाली येत असेल तर त्या कॅमेऱ्याला जवळच्या प्लगवरून १२ व्होल्ट १ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या.

बीएनसी (चित्राच्या) आणि डीसी (विजेच्या) पिनांचे जोड पीव्हीसी बॉक्समध्येच हवेत. वायर बॉक्सच्या खालून आत घ्या, आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकेल. कोकणात हे टाळलं तर पहिल्याच पावसाळ्यात चित्रावर रेघा येतात.

कॅमेरा आठ-नऊ फुटांवर लावा. चौदा फुटांवरून चोराची फक्त टाळू दिसते! फाटकावर चेहरा हवा तर ३.६ एमएम लेन्स, अंगणाचा पसारा हवा तर २.८. पांढऱ्या भिंतीला किंवा पत्र्याला खेटून लावलात तर रात्री आयआरचा उजेड उलटून चित्र धुरकट होतं. कोळ्याची जाळी महिन्याला झाडा. शेजाऱ्यांचं दार चौकटीत येत असेल तर कॅमेरा वळवा, नाहीतर मेनूतून तेवढा भाग झाका.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी, म्हणून १ टीबीत दहा-अकरा दिवस. डिस्क सर्व्हेलन्सचीच, म्हणजे अखंड रेकॉर्डिंगसाठी बनवलेलीच घ्या. सेटिंगमध्ये डिस्क बिघडल्याचा बझर चालू करा, नाहीतर टीव्हीवर थेट चित्र दिसत राहतं आणि रेकॉर्डिंग कधीचं बंद पडलेलं असतं. डीव्हीआर, एसएमपीएस आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, घड्याळ बरोबर लावा.

चोरी झालीच तर जुनं फुटेज पुसलं जाण्याआधी, दहा दिवसांच्या आत, ते पेनड्राइव्हवर काढा, मूळ डिस्कला हात लावू नका. पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. पेनड्राइव्ह एफएटी ३२ या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करून, एकदा फुटेज उतरवून बघून, डीव्हीआरजवळच ठेवा.