अडीचची गाडी

परवा रविवारी सकाळी नऊ वाजायच्या आत मी न्यू जर्सीतल्या एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये उभा होतो. डोक्यात माकडटोपी, पोटात चहा नाही, आणि मागच्या सीटवर एकच वेणी घातलेली माझी लेक. मराठी शाळा दहाची. आम्ही नऊलाच हजर, तेही "उशीर झाला, उशीर झाला" करत सिग्नल पिवळा असताना गाडी दामटून.

कारण अर्थातच इथलं ते डेलाइट सेव्हिंग, म्हणजे मार्चात एका रात्रीत घड्याळ तासभर पुढे करायचं दळभद्री प्रकरण. पण त्याआधी अण्णा.

अण्णा म्हणजे सासरे, गेल्या महिन्यात कऱ्हाडहून आलेत. एसटीत चौतीस वर्षं, त्यातली निम्मी कंट्रोलरच्या खिडकीत. शनिवारी रात्री जेवताना मी सहज म्हणालो, आज रात्री दोन वाजणार नाहीत, एकदम तीन वाजतील.

अण्णांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. "आणि अडीच?"

"अडीच वाजतच नाहीत. १:५९ नंतर डायरेक्ट ३."

"मग अडीचची गाडी?"

"कुठली गाडी, अण्णा?"

"कुठली का असेना. समजा अडीचची पंढरपूर आहे. रिझर्वेशन झालंय, प्रवासी फलाटावर, पोरं पेंगायला लागलीत. तुम्ही खिडकीत बसलाय जावईबापू. काय सांगणार? अडीच रद्द?"

मी म्हटलं, इथून रात्री अडीचला पंढरपूरला कोणी जात नाही. हे उत्तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. वर मीच मूर्खासारखं सांगून बसलो की नोव्हेंबरात उलटं असतं, तेव्हा दीड दोनदा वाजतो.

"दोनदा? म्हणजे दीडची सोडायची, आणि तासाभरानं परत दीडचीच सोडायची? आणि ड्रायव्हरचा ओव्हरटाइम कुठल्या दीडपासून धरायचा?"

मग मी आपलं ज्ञान पाजळायला म्हणून ॲमट्रॅकचं, म्हणजे इथल्या रेल्वेचं सांगितलं. नोव्हेंबरात त्या रात्री वेळेवर चालणाऱ्या गाड्या एखाद्या स्टेशनात तासभर चक्क उभ्या करून ठेवतात, नाहीतर त्या वेळेच्या आधी पोचतील ना. अण्णा बराच वेळ गप्प. मला वाटलं झोप आली.

"चालू गाडी? काही बिघाड नसताना?"

"हो."

"आणि मेमो कुणाला देतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर या सगळ्यालाच कोणाकडे उत्तर नाहीये. १९१६ मध्ये जर्मनीने पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला हे काढलं, १९१८ ला अमेरिकेने उचललं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातलं घड्याळही तासभर पुढे नेलं होतं, पण १९४५ ला आपण ते सोडून मोकळे झालो, आणि हे अमेरिकावाले अजून वर्षातून दोनदा खुंटी पिळत बसलेत. ॲरिझोनावाले बहुतेक सगळे घड्याळाला हातही लावत नाहीत, त्यांचं काही अडलंय का? २०२२ मध्ये सिनेटने, म्हणजे ज्यांचं एरवी कशावरच जमत नाही त्यांनी, एकमताने ठरवलं की बास, ही बदलाबदली बंद करू. ते बिल खालच्या सभागृहात गेलं आणि तिथेच मुरलं. आणि भोगायचं कोणी? आम्ही. कालपरवापर्यंत भारत साडेदहा तास पुढे, आता साडेनऊ, पुण्याच्या टीमची मीटिंग एकदम तासाने हलली, लंडनवाले मार्चअखेरीला घड्याळ बदलणार म्हणून त्यांच्याशी तीन आठवडे वेगळंच गणित, आणि पोरीला रात्री नऊला झोप म्हटलं की तिचं पोट म्हणतं आठच वाजलेत. परवा ८ मार्च होता. महिला दिन. त्या दिवशी माझ्या बायकोची एक तास झोप सरकारने कापली, आणि दिवसभर तिला गुलाबांचे फॉरवर्ड येत होते.

असो. तर झालं काय, झोपायच्या आधी हॉलमधलं घड्याळ मी तासभर पुढे केलं. पहाटे अण्णा उठले, कर्तव्यभावनेने स्टुलावर चढले आणि त्यांनी पण एक तास पुढे केलं. मी उठलो तर साडेनऊ! फोन वर चार्जिंगलाच विसरला, पोरीला उचललं, सुटलो. गाडीतल्या घड्याळात पावणेनऊ. ते जुनंच असणार म्हणून मी त्यात एक तास मिळवला, पावणेदहा, बरोब्बर जुळलं. फक्त ते घड्याळ मी नोव्हेंबरात मागे करायचंच विसरलो होतो, म्हणजे त्या सकाळी आख्ख्या घरात खरं बोलणारं तेवढं एकच होतं आणि त्याचंच मी ऐकलं नाही.

घरी येऊन विचारलं तर बायको म्हणते, "अण्णा कशाला दुसऱ्यांदा करतील, तूच झोपेत केलं असशील." अण्णा चहात बिस्किट बुडवत एवढंच बोलले, "लवकर पोचल्याची तक्रार मी चौतीस वर्षांत ऐकली नाही."

संध्याकाळी बघतो तर घड्याळाखाली सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवलेली. 'दि. ८/३. घड्याळ १ तास पुढे केले आहे. जावईबापूंनी पुन्हा हात लावू नये.' खाली सही. आणि वर घड्याळ अजूनही तासभर पुढेच.