गळ्यात नाग घालून शाळेत जाणाऱ्या भावा

आज सकाळी आमच्या सर्पमित्रांच्या ग्रुपवर एक रील आली. शेजारच्या तालुक्यातला पोरगा शाळेच्या पटांगणात गळ्यात नाग घालून उभा आहे, भोवती चौथी-पाचवीची लेकरं. एका मुलीला तो शेपटीला हात लावायला सांगतोय. खाली कमेंट, ‘भाऊ वाघ आहे’. मी त्याला ग्रुपमधून काढलं. तेव्हापासून फोन चालूच आहेत. “तुले काहून जयते बे?”

जळत नाही रे कोणी. मला ती लेकरं बघवली नाहीत.

आर्णीकडच्या एका गावातलं पोरगं होतं, असंच चौथीतलं. पावसाळ्यात खाली सतरंजीवर झोपलेलं. मध्यरात्री उठून आईला म्हणालं, पोट दुखते. तिनं ओवा दिला, मग भगताकडे नेलं. उजाडता उजाडता घरात भिंतीच्या कडेला मण्यार दिसली म्हणून मला फोन आला. मी पोचलो तेव्हा ते आईच्या मांडीवर होतं. हाक मारली की डोळे उघडायला बघायचं, पण पापण्या अर्ध्यावरच अडायच्या. सूज नाही, रक्त नाही. मण्यार चावल्याचं झोपेत कळतसुद्धा नाही. यवतमाळच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला.

ग्रुप त्यानंतर सुरू केला. त्यात शेतकरी आहेत, आशाताई आहेत, वनरक्षक आहेत, गाडीवाले आहेत. रात्री कोणी ‘पोट दुखते, खाली झोपलो होतो’ एवढं लिहिलं तरी साप शोधत कोणी बसत नाही, आधी गाडी निघते. तिथं तू गळ्यात नाग घातलेली रील टाकतोस?

कायद्याचं बोललं की हसतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. नाग, घोणस म्हणजे आपली परड, आणि धामणसुद्धा आता अनुसूची 1 मध्ये. वाघ आहे त्याच यादीत! नुसतं पकडणंही कायद्यानं शिकारीतच मोडतं. शिक्षा 3 ते 7 वर्षं, वर किमान 25,000 रुपये दंड. तो नाग कोणाला कळवून पकडला होतास? पकडल्यावर किती दिवस डब्यात ठेवलास?

‘मग धामण मारणाऱ्या शेतकऱ्यावर केस करा,’ म्हणे. जीव वाचवायला नाइलाजानं साप मारला तर कायदाही त्याला सोडतो. आणि रील बघून काही पोरं साप मारायची थांबली, हेही मान्य. पण लेकरांच्या हातात नागाची शेपटी द्यायला कोणतं कारण आहे, सांगा ना.

भावा, तू हे वाचशील, माहीत आहे. धामणीच्या ओठांवरच्या काळ्या रेषा बघत मीपण शाळा बुडवलेली आहे, ते वेड मला कळतं. तुझा हात चांगला आहे. रात्री-बेरात्री कोणाच्याही घरी धावतोस, पेट्रोलचे पैसे मागत नाहीस. म्हणूनच राग जास्त आला.

पण ती मुलगी आज घरी जाऊन काय सांगेल? साप काही करत नाही. उद्या चुलीमागं निघालेल्या सापालाही ती हात लावेल, आणि तिची आई मला पहाटे फोन करेल. त्या पापण्या मला परत बघायच्या नाहीत. तू माफी मागितलीस तरी रील काढल्याशिवाय ग्रुपमध्ये घेणार नाही. बाकीच्यांनी मला कितीही शिव्या घाला.

सोमवारी 11 वाजता वनपरिक्षेत्र कार्यालयात निवेदन देतोय. मागण्या दोनच: शाळेत जिवंत साप नेणं बंद, आणि पकडलेल्या प्रत्येक सापाची, सोडलेल्या जागेसह नोंद. तालुक्यातल्या सर्पमित्रांनी सही करायला या, त्या पोरालाही आणा. रील शेअर करू नका, रिपोर्ट करा. साप निघाला तर वनविभागाची हेल्पलाइन 1926, चावला तर भगताकडे न जाता रुग्णवाहिकेसाठी 108. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचा, आज रात्रीपासूनच.